नामसाम्य आणि वाङ्मयविवेक

नाव ही माणसाची पहिली खूण आहे. परंतु ती पुरेशी खूण नव्हे, हे रायगडच्या किनाऱ्यावरील आमच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. संतांची नावे मोजकी आणि त्या नावांनी स्नानसंस्कार घेणारी लेकरे पुष्कळ. त्यामुळे एकाच आळीत तीन फ्रान्सिस आणि दोन तेरेजा सुखाने नांदत असतात. अशा वेळी गाव एकाला बापाच्या नावाने ओळखतो, दुसऱ्याला घरावरून आणि तिसऱ्याला होडीवरून किंवा धंद्यावरून. जाळे कोणाचे आणि देणे कोणाचे याची गल्लत होऊन चालत नाही, म्हणून हा विवेक गाव कसोशीने पाळतो.

वाङ्मयाच्या प्रांतात मात्र हाच विवेक आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक सैल सोडतो. एखादे नाव कानी पडले की त्या नावाचा सर्वांत प्रसिद्ध धनी चटकन डोळ्यांपुढे उभा राहतो आणि त्याच नावाचा दुसरा माणूस त्याच्या सावलीत दिसेनासा होतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशा काही नामबंधूंचा व नामभगिनींचा विचार योजिला आहे. योगायोगांची गंमत सांगणे हा त्यामागील हेतू नाही. नामसाम्यामुळे कोणाचे कार्य झाकले जाते आणि ते पुन्हा उजेडात आणण्याचा मार्ग कोणता, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

मराठी समीक्षेला हा प्रश्न नवा नाही. आपल्या संतकवींनी अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव गुंफण्याची रीत पाडली. कवीची ओळख त्या नाममुद्रेने राहावी, हा तिचा उपयोग. परंतु तेराव्या-चौदाव्या शतकांतील संत नामदेव आणि त्यांच्यानंतर सुमारे दोन शतकांनी झालेला विष्णुदास नामा या दोघांच्या रचना पुढे एकमेकींत मिसळल्या. नामदेवांच्या म्हणून छापलेल्या गाथांत विष्णुदास नाम्याचे अभंग आले, आणि नाममुद्राच घोटाळ्याचे कारण झाली. अभ्यासकांनी हा गुंता कसा सोडविला? त्यांनी भाषेचे वय पाहिले, शब्दांची ठेवण पाहिली, कोणत्या अभंगात कोणत्या काळच्या व्यक्तीचा उल्लेख येतो हे ताडून पाहिले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात जतन झालेली नामदेवांची ६१ पदेही तुलनेला हाताशी होती. म्हणजे नावाने जे एकत्र केले, ते वाचनाने वेगळे केले. हीच कसोटी आम्ही पुढील उदाहरणांना लावणार आहोत.

आरंभ आपल्या जिल्ह्यापासून करू. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. हेच आचार्य विनोबा. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथून त्यांनी भूदानाची पदयात्रा आरंभिली, आणि १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ मिळाले. जगात विनायक भावे हे नाव विनोबांच्या रूपानेच ठाऊक आहे.

परंतु त्याच नावाचे आणि त्याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ ठाण्यास होऊन गेले. विनायक लक्ष्मण भावे हे ते गृहस्थ. त्यांचा जन्म १८७१ चा आणि निधन १९२६ चे. १८९३ मध्ये ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत ते प्रमुख होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास त्यांनी लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आलेला हा ग्रंथ १९१९ च्या आवृत्तीत पुष्कळ विस्तारला. मराठी कवींची परंपरा सलग सांगावी, बाडांतून आणि मठांतून कुजत पडलेल्या पोथ्या मिळवाव्यात, त्या छापाव्यात, हा ध्यास त्यांनी आयुष्यभर बाळगला. महानुभावांचे वाङ्मय सर्वसामान्य मराठी वाचकांपुढे येऊ लागले, त्यातही त्यांचे श्रम आहेत.

या दोन भाव्यांना शेजारी बसविले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दोघांचेही चित्त संतवाङ्मयात गुंतले होते. मात्र दोघे त्याच्याकडे निरनिराळ्या वाटांनी गेले. ठाण्याच्या भाव्यांनी संतकवींचा इतिहास लिहिला. त्यांची शैली रसाळ आहे, ऐसपैस आहे. आवडत्या कवीविषयी लिहिताना लेखणीला भरते येते आणि कालनिर्णयाची शिस्त कधी कधी मागे पडते. पुढील संशोधनाने त्यांची कित्येक विधाने सुधारली. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ‘सारस्वता’स विस्तृत पुरवणी जोडली, ती त्यामुळेच. तथापि पुरवणी जोडावीशी वाटावी असा ग्रंथ मुळात असावा लागतो, हे विसरता येत नाही.

गागोद्याच्या भाव्यांना इतिहास नको होता. त्यांना तीच वाणी साधनेसाठी हवी होती. आईला संस्कृत गीता समजत नाही, म्हणून तिला समजेल अशा मराठीत गीता आणण्याच्या ओढीतून ‘गीताई’ जन्मली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, तीच ‘गीता प्रवचने’. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ यांच्या निवडक भजनांचे संग्रहही त्यांनी सिद्ध केले, आणि आमच्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे बायबलच्या नव्या करारातून वेचे काढून त्यांनी ‘ख्रिस्तधर्मसार’ही संपादित केले. एका विनायकाने पोथी वाचविली, दुसऱ्याने ती ओठांवर आणली. पहिल्याचे नाव दुसऱ्याच्या कीर्तीत बुडाले, तर मराठी वाचक आपल्या घराचा पाया विसरला असे होईल.

रायगडचे दुसरे उदाहरण पनवेलजवळील शिरढोण गावचे. १८४५ मध्ये तेथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यास लष्करी हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये इंग्रज सरकारविरुद्ध सशस्त्र बंड उभारले. पकडले गेल्यावर त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. ‘वासुदेव बळवंत’ एवढे म्हटले की महाराष्ट्रात आडनाव सांगावे लागत नाही.

परंतु वासुदेव बळवंत पटवर्धन म्हणूनही एक विद्वान होते. ते फर्गसन महाविद्यालयात प्राध्यापक होते. १८९५ मध्ये आगरकर वारल्यावर ‘सुधारक’ पत्राच्या संपादनाची धुरा ज्यांनी वाहिली, त्यांत ते होते. मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत त्यांनी मराठी भाषा व वाङ्मय यांवर व्याख्याने दिली. ती इंग्रजीत असली, तरी त्यांत मराठी कवितेचा आत्मा शोधण्याची तळमळ आहे. मराठी काव्याची मुळे मराठी मातीतच शोधली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह आजही विचारात घेण्याजोगा आहे. येथे नामसाम्य नावात आणि वडिलांच्या नावात आहे. आडनावच काय ते तारक ठरते. फडक्यांच्या बलिदानापुढे व्याख्यानांची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. परंतु फडके स्वतःही आपली रोजनिशी व आत्मवृत्त लिहून गेले, आणि खटल्यात तेच लेखन त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले, हे ध्यानात घेतले की लेखणीला कमी लेखण्याचे धाडस होत नाही.

आता नामभगिनींकडे वळू. कारण स्त्रियांच्या बाबतीत नामसाम्याला आणखी एक पदर आहे. पुष्कळ स्त्रियांना विवाहाबरोबर नवे नाव मिळे. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना झाली, तेव्हा तेथे दोन रमाबाई एकत्र आल्या. पंडिता रमाबाईंचे ‘रमा’ हे नाव जन्माचे. ‘पंडिता’ ही पदवी त्यांना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. ‘रमाबाई’ हे नाव त्यांना सासरी मिळाले. एकीने नाव बरोबर आणले, दुसरीने ते स्वीकारले. तरी दोघींनी आपापल्या कार्याने ते नाव स्वतःचे केले.

दोघींचे गद्य वाचून पाहावे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातील ‘आमच्या’ या शब्दातच त्याचा सूर आहे. लेखिका पतीविषयी सांगते, स्वतःला मागे ठेवते. परंतु घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष पत्करून लिहावाचावयास शिकणारी, पंडिताबाईंच्या सभेला गेल्याबद्दल बोलणी खाणारी एक मुलगी त्या पानांतून आपोआप मोठी होत जाते. कोठेही आवाज न चढविता घराच्या आतली लढाई सांगणारे असे गद्य मराठीत थोडे आहे. ही लेखिका पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली, यात नवल नाही.

पंडिता रमाबाईंचा प्रवास उलट दिशेचा. १८८२ च्या ‘स्त्रीधर्मनीति’मध्ये संस्कृत पंडिताचा थाट आहे, उपदेशाचा स्वर आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि पुढे त्या अमेरिकेस गेल्या. १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात डोळे उघडे ठेवून परका देश पाहणारी चिकित्सक लेखिका भेटते. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजावे म्हणून त्यांनी जड संस्कृत शब्द हेतुतः टाळले. संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या विदुषीने संस्कृत बाजूला ठेवावे, यात केवढा त्याग आहे, हे भाषेचा अभ्यासकच जाणे. त्या प्रोटेस्टंट पंथाच्या. परंतु त्यांचे मराठी हा सर्व ख्रिस्ती मराठी वाचकांचा वारसा आहे.

१८९३ मध्ये पंडिताबाईंच्या शारदा सदनातील धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. एका रमाबाईच्या पतीने दुसऱ्या रमाबाईच्या संस्थेचा आधार काढला, अशी ही घटना आहे. सुधारणेच्या दोन वाटा येथे उघड दुभंगल्या. ‘रमाबाई’ या एका नावाखाली दोघींना गुंडाळून ‘थोर समाजसुधारक’ असे म्हटले की हा दुभंग दिसेनासा होतो, आणि त्याबरोबर त्या काळचा खरा प्रश्नही नाहीसा होतो.

तिसऱ्या एका रमाबाईंचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाई आंबेडकर १९३५ मध्ये निवर्तल्या. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. परंतु १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. काही नावे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नसतात, अर्पणपत्रिकेवर असतात. समीक्षकाने तेही पान वाचावे.

आता आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाकडे येऊ. येथे तर आरंभीच नामसाम्य आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. पोर्तुगीज अमलात त्यांना ‘इश्तेव्हांव’ म्हणत. त्यांच्यामागून आलेले फ्रेंच येशूसंघीय फादर एतिएन द ला क्र्वा यांनी संत पेत्राच्या चरित्रावर ओवीबद्ध मराठी पुराण रचले. त्याचे मुद्रण १६२९ मध्ये सुरू झाले. ‘एतिएन’ या फ्रेंच नावाचे पोर्तुगीज रूप पुन्हा ‘इश्तेव्हांव’च. एकाचे आडनाव, दुसऱ्याचे पाळण्यातील नाव, आणि दोन्हींचे मूळ ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन. दोघे परदेशी, दोघे येशूसंघीय, दोघांचे ग्रंथ मराठी ओवीत आणि रोमन लिपीत.

एवढे साम्य असताना दोघांची वाङ्मयीन प्रकृती मात्र अगदी भिन्न आहे. स्टीफन्स कथा सांगतात. सुमारे अकरा हजार ओव्यांत जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचा विस्तार आहे आणि मराठी भाषेवर त्यांचे प्रेम पानोपानी जाणवते. ऐकणाऱ्याच्या कानांना परिचित असलेली पुराणाची लय ते आदराने घेतात. द ला क्र्वा वाद घालतात. संत पेत्राच्या चरित्राच्या निमित्ताने हिंदू देवदेवतांचे आणि पुराणकथांचे खंडन करण्यात त्यांची बरीच शक्ती खर्च होते. खंडनासाठी त्यांनी केलेला अभ्यास दांडगा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याचे मन जिंकायचे त्याच्या श्रद्धास्थानावर आघात करणारे काव्य त्याच्या जिभेवर रुळत नाही. ‘ख्रिस्तपुराण’ सतराव्या शतकातच तीनदा छापले गेले, १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा निघाले, १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली देवनागरीत आले. दुसरे पुराण अभ्यासकांच्या टेबलावरच राहिले. एका इश्तेव्हांवाचे यश दुसऱ्याच्या खाती मांडू नये. तसेच एकाच्या कठोरपणाचा दोषही दुसऱ्याच्या माथी मारू नये. गोव्यातील पाद्र्यांनी हिंदूंची निंदाच केली असे सरसकट म्हणणारे, आणि त्यांनी मराठीची सेवाच केली असे सरसकट म्हणणारे, हे दोघेही ही दोन पुस्तके स्वतंत्रपणे न वाचल्याचा पुरावा देतात.

दोष माथी मारण्यावरून शुभवर्तमानातील एका नावाचे स्मरण होते. प्रभूच्या बारा प्रेषितांत यहूदा नावाचे दोघे होते. संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात त्यांपैकी एकाचा प्रश्न नोंदविताना, हा इस्कार्योत नव्हे, असे आवर्जून स्पष्ट करतो. शिष्यांत शिमोनही दोन होते आणि याकोबही दोन. प्रत्येक वेळी बापाचे नाव, धंदा किंवा टोपणनाव जोडून शुभवर्तमानकार वाचकाला सावध ठेवतात. निरपराध माणसाला नावामुळे कलंक लागू नये, ही त्यामागील काळजी आम्हांस समीक्षेचा पहिला धडा वाटते.

ख्रिस्तसभेने पुढे पोपमहोदयांच्या नावांना आकडे जोडले. २०२५ मध्ये निवड झालेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा आपल्या मनात प्रामुख्याने तेरावे लिओ असल्याचे त्यांनीच सांगितले. कामगारांच्या प्रश्नावरील १८९१ चे परिपत्रक ज्यांनी लिहिले, ते हे तेरावे लिओ. त्यांच्या आधीचे पोप फ्रान्सिस स्वतः येशूसंघीय, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी संत फ्रान्सिस झेवियरचे नाव घेतले असावे असा तर्क काहींनी केला. त्यांनी स्वतः असिसीच्या दरिद्री फ्रान्सिसकडे बोट दाखविले. नाव निवडणे म्हणजे कार्य निवडणे, हे या दोन उदाहरणांवरून कळते.

आपल्या घरांतील तेरेजा कोणती? अविलाची संत तेरेजा (१५१५–१५८२) ही मठांची सुधारणा करणारी कार्मेलवासी आणि आत्मानुभवाची थोर लेखिका. लिझ्यूची संत तेरेजा (१८७३–१८९७) हीही कार्मेलवासी. ती चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली आणि मागे एक छोटे आत्मकथन ठेवून गेली. या दोघींना ख्रिस्तसभेने धर्मपंडित ही पदवी दिली, पहिलीला १९७० मध्ये आणि दुसरीला १९९७ मध्ये. कोलकात्याच्या मदर तेरेजांनी (१९१०–१९९७) लिझ्यूच्या तेरेजेवरून नाव घेतले. परंतु मठात त्या नावाची दुसरी भगिनी असल्याने त्याचे स्पॅनिश रूप स्वीकारले. म्हणजे नामसाम्याची अडचण त्यांनाही आलीच होती. पहिलीने ग्रंथ लिहिले, दुसरीने एक वही लिहिली, तिसरीने रस्त्यावर मरणाऱ्यांना उचलले. कोर्लईच्या माउंट कार्मेल मंदिराच्या परिसरात वाढणाऱ्या लेकरांना तरी पहिल्या दोघींचा कार्मेलशी असलेला संबंध सांगितला गेला पाहिजे.

कार्य टिकले म्हणजे झाले, कर्त्याच्या नावाची एवढी चिकित्सा कशाला, असा आक्षेप येथे कोणी घेईल. कार्य निनावी राहिले तर हा आक्षेप मान्य करता येईल. परंतु निनावी कार्य फार काळ निनावी राहत नाही. ते मोठ्या नामबंधूच्या खाती जमा होते. विष्णुदास नाम्याचे तेच झाले. तो अन्याय एकट्या मृताचा नाही, वाचकाचाही आहे. दोन आवाज ऐकण्याचा त्याचा हक्क हिरावला जातो.

यास्तव आमच्या दोन साध्या सूचना आहेत. धर्मग्रामाच्या वाचनालयात ग्रंथांची यादी करताना लेखकाचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव पूर्ण लिहावे, ‘वि. भावे’ एवढ्यावर थांबू नये. आणि १९८३ च्या धर्मसंहितेने संताचेच नाव ठेवण्याची सक्ती केलेली नसतानाही जे आईबाप आवडीने ते ठेवतात, त्यांनी धर्मपिता व धर्ममातेसह बसून तो संत नेमका कोण हे ठरवावे आणि त्याचा सणदिवस घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. फ्रान्सिस असेल तर ४ ऑक्टोबर, ३ डिसेंबर की २४ जानेवारी. तेरेजा असेल तर १५ ऑक्टोबर, १ ऑक्टोबर की ५ सप्टेंबर. लेकरू वाचू लागले की ते आपणहून विचारील, हा दिवस कोणाचा. त्या वेळी सांगावयास आपल्यापाशी एक गोष्ट आणि शक्य झाल्यास एक पुस्तक तयार असावे.